गाळलेल्या जागेत उपमा बसत नाही

इंग्रजी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या व्याकरणात एक पान हमखास असतं. डावीकडे विशेषणं, उजवीकडे नामं. ब्रेव्ह आणि लायन, बिझी आणि बी, कूल आणि ककंबर, वाइज आणि आउल, पुअर आणि चर्च माउस. परीक्षेत उजवीकडचा शब्द गाळून तिथे टिंबं दिलेली असतात. मूल टिंबांवर ‘ककंबर’ लिहितं, गुण मिळवतं, आणि सिमिली, म्हणजे उपमा, शिकून झाली असं शाळा, शिकवणी आणि घर तिघंही धरून चालतात.

बडोद्यातल्या मराठी घरांमधली मुलं माझ्याकडे शिकवणीला येतात. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांमध्ये ती दिवसभर ये-जा करत असतात. एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवून पाहण्याची सवय त्यांना जगण्यातूनच लागलेली असते. नेमक्या त्याच मुलांच्या हातात आपण तयार तुलनांची यादी देतो आणि पाठ करा म्हणतो. ही गाळलेली जागा प्रश्नपत्रिकेतून जायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या जागी मुलाला उपमा तपासायला आणि स्वतः करायला सांगणारा प्रश्न यायला हवा. हे केवळ इंग्रजी सुधारावं म्हणून मी म्हणत नाही. उपमा तपासता न येणारा माणूस कुणाच्याही बोलण्याने सहज वाहवत जातो, आणि ती मला जास्त काळजीची गोष्ट वाटते.

गडबड व्याख्येपासूनच सुरू होते. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ वापरून केलेली तुलना म्हणजे सिमिली, असं पुस्तक सांगतं. मुलं तेवढंच धरून ठेवतात, उताऱ्यात ते दोन शब्द शोधतात आणि खाली रेघ मारतात. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ या वाक्याखाली रेघ पडते. ‘ही वर्क्स ॲज अ डॉक्टर’ या वाक्याखालीही पडते. पहिल्या वाक्यातली मुलगी खरोखरच आईसारखी दिसते, त्यात अलंकार कुठला? दुसऱ्यात तर तुलनाच नाही. डॉक्टर म्हणून काम करणं वेगळं आणि डॉक्टरसारखं वागणं वेगळं, हे मराठी बोलणाऱ्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. ‘म्हणून’ आणि ‘सारखं’ त्याच्या जिभेवर आपोआप वेगळे होतात. इंग्रजीच्या तासाला मात्र ही समज कुणी त्याच्याकडे मागतच नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने झालेला आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे ज्ञान आणि तर्क यांचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, उपमान हे ज्ञान मिळवण्याचं एक साधन मानलं आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गवय, रानातला गवा. ज्याने तो कधी पाहिला नाही त्याला सांगतात, गायीसारखा असतो. तो माणूस रानात जातो, तसा प्राणी दिसतो, आणि हाच तो गवय हे त्याला उमगतं. तुलना झाली, तिचा उपयोगही झाला. तरी अलंकारशास्त्र तिला उपमा अलंकार म्हणत नाही, कारण तिच्यात चमत्कृती नाही. दोन गोष्टी मुळातच एका जातीच्या असल्या तर त्यांच्यातलं साम्य पाहून मन चमकत नाही. ‘लाइक हर मदर’खाली रेघ मारणाऱ्या मुलाला ही गव्याची गोष्ट सांगितली तर ते पुन्हा ती चूक करणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याहून जुनी व्याख्या यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, गार्ग्य या आचार्याच्या नावाने येते: ‘यद् अतत् तत्सदृशम्’. जे ते नाही, पण त्याच्यासारखं आहे. मला ही व्याख्या आजच्या कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा उजवी वाटते. तिच्यात दोन अर्धी आहेत आणि ‘ते नाही’ हे अर्ध आधी आलं आहे. शाळा फक्त दुसरं अर्ध शिकवते. कशासारखं आहे ते सांग, एवढंच विचारते. कुठपर्यंत सारखं आहे आणि कुठून पुढे नाही, हा प्रश्न कधीच येत नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्या आईवडिलांना उपमेची चार अंगं आठवत असतील. उपमेय म्हणजे जिची तुलना करायची ती गोष्ट, उपमान म्हणजे जिच्याशी करायची ती, साधारण धर्म म्हणजे दोघींतला सारखा गुण, आणि साम्यवाचक शब्द. चारही असली तर पूर्णोपमा, एखादं गळालं तर लुप्तोपमा. ही चौकट इंग्रजीला लावून पाहिली की एक फार उपयोगाची गोष्ट दिसते. इंग्रजीत उपमेचे दोन साचे आहेत. ‘ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन’ या साच्यात साधारण धर्म, म्हणजे शौर्य, तोंडाने सांगून टाकलेलं असतं. ‘लाइक अ लायन’ या साच्यात ते बहुतेक वेळा गाळलेलं असतं. सिंहासारखा म्हणजे कसा? शूर? आळसावलेला? कळपाच्या जिवावर जगणारा? ते ऐकणाऱ्याने शोधायचं. पहिल्या साच्यात वाचकाला शोधायला काही उरत नाही, आणि शाळा नेमका तोच साचा घोटून घेते. त्यातही गाळते उपमान, जे यादीत ठरलेलंच आहे. साधारण धर्म गाळला असता तर निदान मुलाला विचार करावा लागला असता.

यावर इंग्रजीचे शिक्षक म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, की या रूढ उपमा म्हणजे भाषेचा भाग आहे. त्या ठाऊक नसल्या तर इंग्रजी वाचताना मूल अडखळेल. मान्य. वाचताना त्या कळल्याच पाहिजेत. पण कळणं आणि पाठ असणं यांत अंतर आहे, आणि कळण्यासाठी त्यांच्यामागचं कारण सांगावं लागतं. कित्येक इंग्रजी उपमा अर्थापेक्षा नादाने घट्ट झालेल्या आहेत. बिझी-बी, कूल-ककंबर, गुड-गोल्ड, डेड-डोअरनेल, फिट-फिडल, प्लीज्ड-पंच. एकाच अक्षराने सुरू होणारी जोडी जिभेला आवडते, म्हणून टिकते. आपला अनुप्रासच तो. पंच हा इंग्रजी बाहुल्यांच्या खेळातला स्वतःवरच खूश असलेला नायक. चर्चमधला उंदीर गरीब, कारण तिथे ना कोठीघर ना धान्य. दाराचा खिळा इंग्रजीत चौदाव्या शतकापासून ‘मेलेला’ आहे. 1843 साली डिकन्सने आपल्या नाताळच्या गोष्टीच्या सुरुवातीलाच विचारलं होतं की दाराच्याच खिळ्यात एवढं मेलेलं काय आहे, आपल्याला तर शवपेटीचा खिळा जास्त मेलेला वाटतो. इंग्रजीचा एवढा मोठा लेखक रूढ उपमेला थांबवून प्रश्न विचारतो. आपल्या मुलांनी का विचारू नये?

घुबडाचं उदाहरण तर बडोद्यातल्या वर्गात सोन्यासारखं आहे. ग्रीकांच्या अथीना या ज्ञानदेवतेचा पक्षी घुबड. अथेन्सच्या नाण्यांवरही तो होता. तिथून तो इंग्रजीत शहाणा झाला. इथे हिंदी-गुजरातीत कुणाला उल्लू बनवलं म्हणजे मूर्ख बनवलं, आणि मराठी आजीच्या लेखी रात्री घराजवळ घुबड ओरडणं अशुभ. एका पक्ष्याबद्दल तीन मतं, आणि तिन्ही एकाच मुलाच्या कानावर पडलेली. त्याला ‘वाइज’पुढे ‘आउल’ लिही म्हणून सांगितलं की या तीन मतांमधला सगळा रस वाया गेला.

रूढ उपमा पाठ करून घेण्याचा दुसरा तोटा निबंधात दिसतो. मुलं त्या भरतात आणि आपण शाबासकी देतो. ‘माय ग्रँडफादर इज ॲज वाइज ॲज ॲन आउल अँड ॲज गुड ॲज गोल्ड.’ या वाक्यातून आजोबा दिसतात का? कुणाचेही आजोबा असू शकतील असे आजोबा दिसतात. जॉर्ज ऑरवेलने 1946 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लिहिणाऱ्यांसाठी नियम दिले, त्यातला पहिलाच असा की छापील मजकुरात नेहमी दिसणारं रूपक किंवा उपमा कधीही वापरू नका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी जे खोडायला सांगितलं त्यालाच आपण इथे गुण देतो. शिवाय ‘ॲज क्लिअर ॲज मड’ यासारख्या उपमा उलट अर्थाच्या असतात. चिखलाइतकं स्वच्छ म्हणजे काहीच न कळलेलं. यादी पाठ करून आलेल्या मुलाने शिक्षकांचं कौतुक म्हणून हे लिहिलं तर दोष त्याचा नाही.

आणि शेक्सपिअर. 1609 साली छापलेल्या त्याच्या सुनीतांपैकी 130 वं सुनीत म्हणजे उपमांच्या यादीविरुद्धचा लेखी पुरावा आहे. त्याच्या काळच्या प्रेमकवितेतही अशीच यादी चालत असे. डोळे सूर्यासारखे, ओठ पोवळ्यासारखे, श्वास सुगंधासारखा. तो म्हणतो, माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, पोवळं तिच्या ओठांपेक्षा कितीतरी लाल असतं. खोट्या तुलनांनी सजवलेल्या कुठल्याही स्त्रीइतकीच ती दुर्मिळ आहे, असं शेवटी सांगतो. गार्ग्याचं ‘अतत्’ एवढ्या प्रेमाने म्हटलेलं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

एक आक्षेप मला आपल्याच लोकांकडून ऐकू येतो. बडोद्याच्या मुलाने कधी बर्फ पडताना पाहिला नाही, मग ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ कशाला, दुधासारखं किंवा कापसासारखं म्हणू द्या. हा आक्षेप माझ्या बाजूचा वाटतो, पण मी तो घेत नाही. न पाहिलेल्या वस्तूची उपमा चालत नसती तर आपली निम्मी कविता बुडाली असती. चांदणं पिणारा चकोर कुणी पाहिला आहे? दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस कुणाच्या तळ्यात आहे? उपमा परकी असल्याने बिघडत नाही. ती न तपासता गिळल्याने बिघडते. ‘कापूस’ हा शब्द टिंबांवर पाठ करून लिहिला तरी मूल तिथेच राहील.

परकी उपमा तपासली तर काय हाती लागतं, ते वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेत दिसतं. ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड.’ एका मुलीने मला विचारलं, ढग एकटा कसा असेल? तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आषाढात बडोद्यावर येणारे ढग कळपाने येतात, गडगडत येतात, आणि त्यांची वाट पाहणारं सगळं गाव असतं. आपल्या काव्यातला मेघ निरोप नेणारा, विरहिणीला व्याकूळ करणारा. त्याला एकटं म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. पण उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरदऱ्यांवरून एखादाच ढग कुणाशी संबंध न ठेवता तरंगत जाऊ शकतो, आणि कवितेची दुसरी ओळ तेच दाखवते. त्याहून गंमत अशी की एप्रिल 1802 मध्ये ती फुलं पाहिली त्या दिवशी वर्ड्‌स्वर्थ एकटा नव्हताच. बहीण डोरोथी सोबत होती आणि तिने त्या फुलांचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. कविता 1807 मध्ये छापली गेली तेव्हा बहीण गेली आणि ढग आला. कवीला कसला अनुभव सांगायचा होता, तो त्याने उपमेतून घडवला. इथवर त्या मुलीच्या प्रश्नाने आम्हाला आणलं. पाठ केलेल्या उत्तराने आणलं नसतं.

हे सगळं बडोद्याला नवं असायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग करून 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. त्याच काळात, 1893 ते 1906, अरविंद घोष बडोद्यात होते आणि त्यातली काही वर्षं बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पुढे आपल्या शिष्यांशी बोलताना त्यांनी तेव्हाची आठवण सांगितली आहे. विद्यार्थी प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरवून घेत आणि पाठ करत, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं होतं. इंग्लंडमध्ये असं कधी झालं नसतं, असं ते म्हणाले. शंभरावर वर्षं उलटली. वह्यांच्या जागी वर्कशीट आली.

त्याच बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. मिल्टनच्या ‘लालेग्रो’ आणि ‘इल पेन्सेरोसो’ या जोडकविता त्यांनी मराठीत आणल्या आणि त्यांना नावं दिली ‘रंगराव हर्षे’ आणि ‘चिंतोपंत उदास’. इंग्रजी कवितेतला आनंद आणि उदासी यांना मराठी पागोटं घालून त्यांनी आपल्या ओसरीवर बसवलं. इंग्रजी शिकणं म्हणजे इंग्रजीपुढे मान तुकवणं, असं त्या पिढीने मानलं नव्हतं. इंग्रजी ऐकायची, तपासायची, आपल्या मातीत लावून बघायची, ही रीत आपल्याच गावची आहे.

मुलांना मोकळं सोडलं तर ती काय आणतात, हे एकदा शाळांनी करून पाहावं. नव्या शाळेतल्या पहिल्या दिवसावर लिहिताना एका मुलाने लिहिलं होतं की गरब्याच्या वर्तुळात सगळे एका बाजूने फिरत असताना आपण उलटे वळलो, तसं वाटलं. दुसऱ्याने मुख्याध्यापकांच्या शांततेला विश्वामित्री नदीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीची उपमा दिली. झोपलेली वाटते, पण जवळ कुणी जात नाही. दोघांच्याही इंग्रजीत क्रियापदांच्या चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. उपमेला हात लावला नाही. ‘ॲज स्केअर्ड ॲज अ रॅबिट’ लिहून त्यांना पूर्ण गुण मिळाले असते, पण त्यांचा तो दिवस कुणालाच दिसला नसता.

मराठी घरात तर या कामासाठी केवढं मोठं धन पडून आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला आप्तांच्या मोहाने घेरल्यावर भ्रमराची उपमा येते. कसलंही कोरडं लाकूड पोखरून जाणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत सापडतो. जीव जाईल, पण ती पाकळी चिरणं त्याला सुचत नाही. स्नेह असा कोवळेपणानेच कठीण असतो. मी ही उपमा मोठ्या मुलांना इंग्रजीत मांडायला देते. ‘लाइक’ वापरून एक वाक्य. मग विचारते, अर्जुन भुंग्यासारखा कुठे आहे आणि कुठे नाही? मुलं भांडतात. भुंग्याला पाकळी चिरता येते तरी तो चिरत नाही, की त्याला ते सुचतच नाही? अर्जुनाचं काय? तासभर इंग्रजीत बोलणं चालतं, आणि व्याकरणाचं पुस्तक कुणाला आठवत नाही. ज्या घरात आजी पोथी वाचते आणि नातू इंग्रजी शाळेत जातो, त्या घरात ही दोन टोकं जोडायला कुणीतरी बसलं पाहिजे.

आता काळजीच्या गोष्टीकडे येते. उपमा फक्त कवितेत नसतात. राज्य करणारे, विकणारे, भडकवणारे सगळे उपमांनी बोलतात. 2020 मध्ये जगभर सांगितलं गेलं की साथीशी चाललेला लढा युद्धासारखा आहे. काही बाबतींत होताही: घाई होती, त्याग होता, एकजूट हवी होती. पण युद्धात सैनिक मरणं गृहीत असतं. परिचारिकेचं मरण गृहीत नसतं; तिला वेळेवर साधनं देणं कुणाची तरी जबाबदारी असते. उपमेने ती जबाबदारी हळूच झाकली. बाहेरून येणाऱ्या गरीब माणसांना कुणी पुराची उपमा देतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्या बडोदेकरांना पूर म्हणजे काय हे चांगलं माहीत आहे. पुराला चेहरा नसतो, त्याला फक्त अडवायचं असतं. माणसांना पूर म्हटलं की त्यांना अडवणं हेच आपोआप योग्य वाटू लागतं, आणि ते कोण आहेत, का आले, हा प्रश्न गळून पडतो. ‘यद् अतत्’ म्हणायला शिकलेलं मूल इथे थांबेल. टिंबं भरायला शिकलेलं मूल थांबणार नाही, कारण उपमा ही मान्य करायची गोष्ट असते असंच त्याला शिकवलेलं आहे.

राहिला गुणांचा प्रश्न. वर्गात पन्नास मुलं, प्रत्येकाची उपमा वेगळी, मग तपासायचं कसं? शिक्षकांची ही अडचण खरी आहे आणि तिला उडवून लावणं योग्य नाही. पण उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरंही प्रत्येकाची वेगळी असतात आणि ती आपण तपासतोच. दोन गुणांचा प्रश्न असा ठेवता येईल: ‘ॲज क्वायट ॲज…’ हे स्वतःच्या पाहण्यातल्या गोष्टीने पूर्ण कर आणि ती का निवडलीस ते एका वाक्यात लिही. एक गुण उपमेला, एक कारणाला. दुसरा प्रश्न: दिलेल्या उपमेत साम्य कुठे आहे आणि कुठे संपतं? रूढ उपमा हव्याच असतील तर उताऱ्यात वापरून त्यांचा अर्थ विचारा. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पाठांतर कमी करून समज वाढवा असं सांगतंच आहे, आणि खाजगी इंग्रजी शाळांमध्ये सहावी-सातवीचे पेपर बहुधा शाळेतच निघतात. त्यासाठी बोर्डाची वाट पाहायला नको. पुढच्या पालकसभेत मुलाचे गुण विचारून झाल्यावर मराठी आईवडिलांनी इंग्रजीच्या बाईंना एवढंच विचारावं, की या वर्षी आमच्या मुलाने स्वतःची अशी एखादी उपमा लिहिली का, आणि लिहिली असेल तर ती आम्हाला वाचायला मिळेल का.